गावाला चाललीय, असं मी सांगितलं

दारात चपलांचे किती जोड आहेत हे मी दिवसातून दहा वेळा बघतो. एक माझा, एक नातीचा. तिचा दिसला की बरं वाटतं. नाही दिसला की घड्याळ बघतो, आणि तिची कॉलेजची वेळ आहे हे माहीत असूनही जिना उतरून गल्लीत बघून येतो. बायको गेल्यापासून हे जास्त झालंय. तिला जाऊन नऊ महिने झाले.

आम्ही आटपाडीकडचे. आमच्या भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात सगळ्या देशात पसरलीत. ह्या धंद्याला गलाई म्हणतात. सोनार दागिन्यांचे तुकडे आणि दुकानातली झाडलोट आणून देतो. आम्ही ती मुशीत घालून भट्टीवर वितळवायची, तेजाबात टाकून मळ काढायचा आणि चोख सोनं त्याच्या हातात द्यायचं. चौथी झाल्यावर चुलत्यानं मला बेंगळुरात आणलं ते आणलंच. चिकपेठेच्या मागच्या गल्लीत खाली भट्टी, वर दोन खोल्या. माझी मराठी आता निम्मी कन्नड झालीय आणि कन्नड सगळी पेठेतली.

मुलानं इरोडला स्वतःची भट्टी घातली. तिथल्या शाळेत तमिळ, म्हणून थोरली नात पहिलीपासून आमच्याकडं ठेवली. धाकटी आईबापाजवळ. म्हणजे थोरली आमच्याच हाताखाली वाढली. ती पळून गेली तेव्हा सोळा वर्षांची होती, अकरावीला. इथं त्याला पीयूसी म्हणतात. लोक विचारतात, मुलगा कोण होता? कुणी मुलगा नव्हता. मी होतो.

मुलानं गावाकडचं एक स्थळ बघितलं होतं. पोराची कोचीनला भट्टी, घर चांगलं. परीक्षा झाली की गावी नेऊन पोरगी दाखवायची, असं मी आणि मुलानं फोनवर ठरवलं. तिला विचारायचं असतं हे आमच्या डोक्यातच आलं नाही. रविवारी जेवताना मी सांगितलं. ती म्हणाली, "मला बघायला कुणी आलं तर मी बाहेरच येणार नाही." मी हात उचलला. एकदाच, पण जोरात. वर म्हणालो, "ह्या घरात राहायचं तर ऐकायचं. नसलं ऐकायचं तर चालू लाग."

सोमवारी सकाळी ती कॉलेजला म्हणून गेली. रोज सव्वापाचला येते. साडेपाच झाले, सहा झाले. बायको खाली भट्टीवर आली. ती कधी भट्टीवर यायची नाही, डोळे चुरचुरायचे तिचे. म्हणाली, "आवो, तिचे दोन ड्रेस न्हाईत. आणि माझी जुनी शाल न्हाई." मोबाईल घरातच होता, बंद करून कपाटात ठेवलेला. मी चिमट्यात धरलेली मूस तशीच राहिली.

"पोलिसात जावा," बायको म्हणाली.

"अगं, पोलिसात गेलो की पेठेत कळतंय. पेठेत कळलं की गावात कळतंय."

"कळू दे की. कळलं तर कुणीतरी बघितली म्हणून सांगंल तरी."

"उद्या सकाळी येतीय बघ. कुठं जाती? मैत्रिणीकडं बसली असंल फुगून."

"तुम्हाला तिच्या एका मैत्रिणीचं नाव ठाऊक हाय का?"

ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. दहा वर्षं पोरगी घरात वाढली आणि ती कुणाबरोबर डबा खाते हे आम्हा दोघांना सांगता येईना. तेव्हा पहिल्यांदा मी खरा भ्यालो.

मुलगा रोज सात वाजता पोरीला फोन करायचा. त्या दिवशी तिचा बंद लागला म्हणून माझ्या फोनवर केला. मी म्हणालो, क्लासला गेलीय. बायको समोर बसली होती. तिनं तोंड फिरवलं. आम्ही लग्न केल्यापासून तिनं माझ्याकडं असं तोंड फिरवलं नव्हतं. पुढचे दिवसही मी मुलाला असंच काहीतरी सांगत राहिलो.

मंगळवारी आमच्या लोकांची आरती असते. मंडळाची एक खोली आहे, तिथं सगळे गलाईवाले जमतात आणि नात पेटी वाजवायची. ती दिसली नाही म्हणून एकानं विचारलं, "मामा, पेटीवाली कुठाय?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "गावाला चाललीय."

"कधी?"

"उद्या."

"एकटीच?"

"सोबत हाय."

गेलीय म्हणालो असतो तर एक वेळ भागलं असतं. पण तसं म्हणता येत नाही. आमच्यात रीत आहे, इथून कुणी गावाला निघालं की आधी सगळ्यांना सांगायचं, म्हणजे ज्याला त्याला घरच्यांसाठी काही धाडायचं असलं तर आणून देता येतं. न सांगता गेलं तर लोक राग धरतात, वर्षभर बोलून दाखवतात. त्या रीतीच्या भीतीनं मी उद्या म्हणालो. पोरगी हरवलेली आणि मला भीती कशाची, तर लोक काय बोलतील त्याची.

तासाभरात घरी गाठोडी यायला लागली. कुणाची कॉफी पावडर, कुणाच्या भाच्याचे कपडे, कुणाच्या बापासाठी गुडघ्याचा पट्टा. प्रत्येकावर कापडाची पट्टी शिवून गाव आणि नाव लिहिलेलं. बायकोनं सगळी घेतली, प्रत्येकाला चहा दिला. एक बाई म्हणाली, "पोरगी दिसंना?" बायको म्हणाली, "बाजारात गेलीय, पिना घ्यायला." इतकं सरळ बोलली की माझाच विश्वास बसला असता. सगळे गेल्यावर ती गाठोड्यांकडं बघत बसली.

"ह्याचं काय करू?"

"कॉटखाली ढकल."

"तिला पण ढकला असंच कुठंतरी," ती म्हणाली, आणि एकेक गाठोडं पायानं कॉटखाली सारलं.

मग येलहंक्याच्या गाववाल्याचा फोन आला. तो तिकडं, शहराच्या उत्तर टोकाला, स्वतःची भट्टी चालवतो. चांगला माणूस, कुणाच्याही मदतीला आधी उभा. म्हणाला, "मामा, आईचा चष्मा करून ठिवलाय. पेठेपर्यंत यायला अर्धा दिस जातोय. सोलापूरची गाडी येलहंक्याला थांबती, तिथंच पोरीच्या हातात देतो. डबा कुठला?"

"बायकांचा," मी म्हणालो.

"मग हुडकतो मी."

मी मनात म्हटलं, गाडी थांबते दोन मिनिटं, त्याला पोरगी सापडणार नाही. गर्दीत चुकामूक झाली असं सांगता येईल. बुधवारी दिवसभर त्याचा फोन आला नाही. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं अजून माझ्या अंगावर येतं.

बुधवारी भट्टी बंद ठेवून मी शोधायला निघालो. मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर प्रत्येक फलाटावर फिरलो. कॉलेजच्या वयाच्या पोरी हजार दिसतात. सगळ्यांच्या पाठीवर तसलीच बॅग, सगळ्यांची तशीच वेणी. दोघींना तर मी हाकही मारली. एकीनं मागं वळून बघितलं आणि घाबरून मैत्रिणीचा हात धरला. म्हातारा माणूस पोरींच्या तोंडाकडं बघत फिरतोय, तिला काय वाटणार.

गुरुवारी हेब्बाळला गेलो. उत्तरेकडं जाणाऱ्या बस तिथं पुलाखाली थांबतात म्हणून. उतरलो तर तलावाच्या कठड्याला माणसं चिकटलेली. दहाबारा जण, सगळे पाण्याकडं बोट दाखवतायत. मी एका रिक्षाला धरून उभा राहिलो. रिक्षावाला म्हणाला, "येनायतु अज्जा?" म्हणजे काय झालं, आजोबा. मी कठड्याकडं हात केला. तो जाऊन बघून आला. कसलासा मोठा पक्षी आला होता, लोक फोटो काढत होते. त्यानं मला रिक्षात बसवून पाणी दिलं. मी रडलो नाही. मला फक्त इतकं कळलं, की दोन दिवस मी दुसरं काही शोधतच नव्हतो. मी तेच शोधत होतो आणि ते सापडू नये म्हणून वरवर बघत होतो.

त्या दुपारी भट्टीवर माझ्या हातून तेजाब सांडलं. पन्नास वर्षांत सांडलं नव्हतं. पायाच्या बोटांवर उडालं, कातडं पिवळं पडलं. बायकोनं पाणी ओतलं. तिनं सोमवारपासून जेवण सोडलं होतं. मला वाढायची, स्वतः चहा प्यायची. मी म्हणालो, खा थोडं. ती म्हणाली, "ती खाती का बघून सांगा, मग खाते."

शुक्रवारी सकाळी येलहंक्याचा गाववाला भट्टीच्या दारात उभा राहिला. हसतच आत आला, स्टुलावर बसला.

"मामा, आईचा फोन हुता. चष्मा आला न्हाई म्हणं. पोरगी अजून पोचली न्हाई का?"

मी म्हणालो, "तुझी तिची गाठ पडली?"

"पडली म्हंजे? मी गाडीच्या आधी अर्धा तास गेलो. फलाटावर बघतो तर ही बाकावर बसलेली. मी म्हटलं, बरं झालं बाय, पेठेतनं हिथं येऊन बसलीस, मला डबा हुडकायला लागला न्हाई. रडत हुती. मी म्हटलं, चार दिसांसाठी चाललीस, रडायचं काय. पाण्याची बाटली घेऊन दिली. गाडी आली, बायकांच्या डब्यात जागा करून दिली, बॅग वर ठिवली. उतरत हुती मधीच. मी म्हटलं, अगं बस, गाडी सुटती. मीच बसवून दिली की."

तो हे सांगत होता आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं स्टूल पुढं ओढलं. मग म्हणाला, "मामा, काय झालंय?"

मी सांगितलं. तो स्टुलावरून उठला, परत बसला.

"मामा, ती गाडी मुंबईला जाती."

मला माहीत होतं. सोलापूरला थांबते आणि पुढं मुंबईला जाते. पोरगी बेंगळुरात बसली होती, एकटी, रडत, घरापासून तासाभरावर. कुणी तिला हाताला धरून घरी आणलं असतं. त्याऐवजी आमच्याच माणसानं तिला हाताला धरून मुंबईच्या गाडीत बसवलं, कारण ती गावाला चाललीय असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. खरं सांगितलं असतं तर त्यानं तिला सोडलं नसतं. तो म्हणायला लागला, "मला फोन करायचा हुता हो तुमाला, वाटलं, कशाला, बसलीय की नीट." मी त्याला म्हणालो, तुझं काही चुकलं नाही. पण मुंबई ह्या शब्दापुढं मला विचारच करता येईना.

बायको जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती. ती खाली आली, चप्पल घातली. म्हणाली, "मी चालले पोलिसात. यायचं तर या."

ठाण्यात एक बाई हवालदार होती, तिशीतली. तिनं वहीतून मान वर करून विचारलं, "कधीपासून?"

"सोमवारपासून."

"आज शुक्रवार. अज्जा, इतके दिवस काय करत होतात?"

मी बायकोकडं बघितलं.

"का गेली?"

मी म्हणालो, "अभ्यासाचं टेन्शन." बायकोला कन्नड माझ्यापेक्षा कमी येतं, पण ती मध्येच बोलली आणि सरळ बोलली. ह्यांनी लग्न ठरवलं, ती नको म्हणाली, ह्यांनी मारलं. बाईनं पेन खाली ठेवलं.

"वय काय तिचं?"

"सोळा."

"सोळाव्या वर्षी लग्न लावलं असतं तर मी तुम्हाला न्यायला आले असते, अज्जा. कळतंय?"

"हूं."

"फोटो द्या. सोमवारीच आला असतात तर त्याच दिवशी सगळ्या स्टेशनांवर गेला असता हा फोटो. कुणीतरी तुम्हाला फोन केला असता."

बायकोनं माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. त्यानंतर मुलाला फोन करायला लागला. त्यानं मला कधी शिवी दिली नव्हती, त्या दिवशी दिली. मी ऐकून घेतली. मग तो ढसाढसा रडला आणि सुनेनं फोन घेतला. ती फक्त एवढंच म्हणाली, "अण्णा, तुमच्याकडं सुखरूप म्हणून ठिवली हुती."

शनिवार गेला. मला त्या दिवशी काय केलं ते काहीच आठवत नाही, फक्त फोन हातात धरून बसलो होतो आणि तो वाजावा असंही वाटत होतं, वाजू नये असंही. रविवारी दुपारी वाजला. तीच बाई होती. म्हणाली, "अज्जा, घाबरू नका, जिवंत आहे." हे शब्द ती आधी बोलली. ती शहाणी बाई होती.

नात गुंतकलला उतरली होती. मोठं जंक्शन आहे, आंध्रात. मुंबईची भीती तिलाही वाटली असावी. फलाटावर एकटी बसलेली बघून रेल्वेच्या महिला पोलिसांनी तिला उचललं आणि मुलींच्या आश्रमात नेऊन ठेवलं. तिनं नाव खोटं सांगितलं, गावही खोटं. पण फोटो पोचला आणि तिथल्या बाईनं ओळखलं. पहिले दोन दिवस ती येलहंक्याला एका मैत्रिणीच्या घरी होती, हेही नंतर कळलं. मैत्रिणीच्या आईनं बुधवारी सकाळी तिला सांगितलं, बाळ, आता घरी जा. ती घरी निघाली नाही, स्टेशनवर जाऊन बसली.

आम्ही दोघं सोमवारी गुंतकलला गेलो. आश्रमात एका खोलीत बालकल्याण समितीच्या तीन बाया बसल्या होत्या. नातीला आणलं. आठ दिवसांत इतकी वाळलेली की बायकोनं तोंडावर पदर धरला. ती आज्जीच्या जवळ आली आणि बॅगेतून एक पुडकं काढून दिलं.

"हे येलहंक्याच्या काकांच्या आईचं. चष्मा आहे. पोचवायचा राहिला."

तिथल्या मुख्य बाईनं हिंदीत विचारलं, "तुला ह्यांच्याबरोबर घरी जायचंय का? नको असेल तर तसं सांग. कुणी जबरदस्ती करणार नाही."

माझ्यासमोर विचारलं. मला वाटलं, ती नाही म्हणेल, आणि मला तिच्याशिवाय परत जावं लागेल.

नात म्हणाली, "आज्जीबरोबर जाते. आबांबरोबर नाही."

"मग आबा कसे जाणार?"

"त्यांना दुसऱ्या डब्यात बसू दे."

त्या बायकांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, की अठरा वर्षांच्या आत लग्नाचं नाव काढणार नाही. मी सही केली. आणि परत येताना मी दुसऱ्या डब्यात बसलो. प्रत्येक स्टेशनवर उतरून त्यांच्या डब्याच्या खिडकीपर्यंत जायचो, दोघी आहेत का बघायचो, आणि गाडी हलली की धावत माझ्या डब्यात. हिंदुपूरला पाय घसरला तेव्हा खिडकीतून बायको म्हणाली, "बसा की एका जागी. न्हाई पळत आता ती."

घरी आली, पण सगळं तसंच्या तसं झालं असं नाही. कोचीनच्या पाहुण्यांनी आपणहून नको म्हणून कळवलं. इरोडला धाकट्या नातीचं एकटीनं शाळेत जाणं बंद झालं, आईनं सोडायचं आणि आईनं आणायचं. पेठेत तीनचार घरांत पोरींचे मोबाईल काढून घेतले. समोरच्या घरातल्या पोरीचा क्लास बंद केला. ती एकदा जिन्यात नातीला म्हणाली, "तू गेलीस फिरून आलीस, आणि बसले मी घरात." नात वर निघून आली. आरतीला पेटी वाजवायला तिला परत कुणी बोलावलं नाही, आणि तीही गेली नाही.

माझ्याशी ती बोलत नव्हती. आज्जीशी बोलायची. रात्रंदिवस दोघींची कुजबुज चालायची. मी आत गेलो की बंद. मला राग यायचा नाही. घरात आवाज येतोय म्हणजे ती घरात आहे, एवढ्यावर माझं भागत होतं.

सात महिन्यांनी बायको गेली. सकाळी चहा ठेवला, ओट्याला टेकून खाली बसली आणि उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. मी डॉक्टर नाही, पण त्या आठ दिवसांत तिनं जे खाल्लं नाही आणि मी तिला जे ऐकवलं नाही, ते सगळं तिच्या आत बसलं होतं असं मला वाटतं. मी तिला कधी म्हणालो नाही, की सोमवारी तू बरोबर बोलत होतीस. म्हणायला पाहिजे होतं. रोज वाटायचं, उद्या म्हणू.

तेराव्याला मुलगा आला होता. नातीला म्हणाला, "चल इरोडला." ती म्हणाली, "इथंच राहते. परीक्षा आहे." सगळे गेले आणि घरात आम्ही दोघं राहिलो. आणि मग खरी भीती सुरू झाली. ती आली होती आज्जीसाठी. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं तसं. आता आज्जी नाही. मग ती कशासाठी राहील? हा विचार मला भट्टीवर यायचा, जेवताना यायचा. स्वयंपाक ती करायची, ताट वाढायची, "वाढू का" एवढंच विचारायची. मी तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर नजर ठेवायला लागलो. एखादा ड्रेस दोरीवर दिसला नाही की कपाट उघडून बघायचो. मागच्या महिन्यात ती आंघोळीला गेली होती, आणि मी तिची कॉलेजची बॅग उघडली. हात आत घातला होता आणि ती दारात उभी.

"काय शोधताय?"

खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. "कपडे हायत का बघतोय," मी म्हणालो.

ती पुढं आली, बॅग घेतली आणि जमिनीवर सगळी रिकामी केली. वह्या, डबा, छत्री, पेनं, एक कंगवा. म्हणाली, "बघा."

"बघितलं."

"रोज बघता?"

"रोज न्हाई." मग म्हणालो, "कधीतरी."

ती खाली बसली आणि वह्या परत भरायला लागली. मान खाली घालून म्हणाली, "आबा, मी जाणार आहे. बारावी झाली की. म्हैसूरला नर्सिंगचं कॉलेज आहे, होस्टेल आहे. आज्जीला ठाऊक होतं. आम्ही दोघींनी फॉर्म बघून ठेवला होता."

म्हणजे ती कुजबुज ही होती. मी म्हणालो, "म्हैसूरला तुझ्याकडं कोण बघणार?"

"कुणी नाही. मीच."

"आणि मला कसं कळणार, तू नीट हायस का न्हाई?"

"फोन करीन की. मागच्या वेळी सांगता येत नव्हतं म्हणून गेले. आता सांगतेय."

"तुझ्या बापाला कोण सांगणार?"

"तुम्ही."

मी मुलाला त्याच संध्याकाळी फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "अण्णा, तुम्हाला परत तेच बघायचंय का? तिथनं पळाली तर?"

मी म्हणालो, "मला पण तीच भीती वाटती. तुझ्यापेक्षा जास्त वाटती. पण ह्या खेपेला ती विचारून चाललीय. आपण न्हाई म्हटलं तर ती न विचारता जाईल. मी ते आठ दिवस परत काढू शकत न्हाई रे."

तो म्हणाला, "करा तुम्हाला काय करायचं ते." ते हो होतं की नाही, मला कळलं नाही. मी हो धरलं.

काल ती फॉर्म घेऊन आली. पालकाची सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. मी चष्मा लावला, पेन घेतलं. मला माझं नाव लिहायला वेळ लागतो, एकेक अक्षर काढावं लागतं. पहिलं अक्षर काढलं. कागद सरकत होता. मी म्हणालो, "थांब स्वल्प, खराब होईल." ती माझ्यासमोर बसली आणि कागदाची दोन टोकं दोन्ही हातांनी दाबून धरली, माझं नाव पुरतं लिहून होईपर्यंत.